वाड्यात कोंडलेलं कुटुंब: सोलापुरातल्या गॉथिक कादंबरीची पात्रं

उत्तर_कसबा
मंडळी, खर्डा हातावेगळा झालाय. जागा उत्तर कसब्यातला वाडा, काळ १९४९ ते १९६१, शेवटचं प्रकरण एकदम १९९३. बाहेरच्यांशी संबंध तोडून बसलेलं घर. माणसं अशी: आप्पा, साठीचे, कर्ते, गावाकडे दीडशे एकर कुळांकडे. आप्पांची विधवा भावजय, जिला घर थोरल्या काकी म्हणतं. सून, जिचा नवरा १९४९ च्या कार्तिकीला पंढरपूरला गेला तो आलाच नाही. तेव्हा ती अठराची, मूलबाळ नाही. धाकटा मुलगा तात्या. लग्न न झालेली मुलगी अक्का. एक गडीही आहे, पण त्याला मी पात्रांत धरलेलं नाही.
१९५८ मध्ये सून बारा वर्षांचा मुलगा दत्तक घेते आणि तिथून विपरीत घडायला लागतं.
वाचणारे म्हणतात, वातावरण झकास, माणसं कुठायत? काय चुकतंय?

कडी_कोयंडा
चूक 'गड्याला धरलेलं नाही' या वाक्यातच आहे. कोंडलेल्या घराच्या गोष्टीत पहिलं पात्र म्हणजे जो बाहेर जाऊन येतो तो. बाकीच्यांनी जग सोडलं, पण मीठ, काडेपेटी, रॉकेल आणि ताप आल्यावर औषध कोणीतरी आणतंच. जो आणतो त्याच्या हातात घर असतं, मग तो ओसरीच्या खाली बसत असला तरी.
पाचही माणसांपुढे दोन प्रश्न लिहा. याच्या ताब्यात घरातली कुठली एक वस्तू आहे? आणि दार सताड उघडं ठेवलं तरी हा बाहेर का जाणार नाही? दुसऱ्या प्रश्नाला 'स्वभावच तसा' असं उत्तर आलं तर ते पात्र कच्चं. तुमच्या यादीत वय आणि नातं आहे, ताबा कुणाचाच नाही.

काय_बे
आप्पाचा स्वभाव कडक, काकींचा स्वभाव गूढ, अक्काचा स्वभाव हळवा. मालिका काढालास काय बे?

जातं_उखळ
ताब्याचं बोलताय तर हिशेब मांडून बघा, पात्रं आपोआप जागेवर बसतात.
गडी धरून खाणारी तोंडं सहा. ज्वारीवर जगणारं घर, माणशी दिवसाला पावणेचारशे ते चारशे ग्रॅम धान्य धरा. सहाजणांना रोज सव्वादोन किलोच्या आसपास, महिन्याला सत्तर किलो, वर्षाला आठ-साडेआठ क्विंटल. म्हणजे वाड्यात पेव, जमिनीतलं धान्याचं कोठार, हवं, नाहीतर दर महिन्याला पोतं घेऊन गाडी दारात येणार आणि तुमचा एकांत मोडणार. (हा हिशेब तुमच्यासाठी. पानावर १९५६ मध्ये किलो येऊ देऊ नका. शेर, पायली, मण.)
दुसरं, दळण. गिरणीत गेलं की सगळी पेठ ओळखते. घरी दळायचं तर दोनेक किलोला एकट्या बाईला तास-दीड तास जात्यावर बसावं लागतं. म्हणजे पहाटे चारला घरघर सुरू. ती कोण दळते? सून आणि काकी समोरासमोर बसून एकच खुंटा धरत असतील तर रोजचा दीड तास दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत असणार. अख्ख्या घरात दोन माणसं इतका वेळ इतक्या जवळ दुसरीकडे कुठंच नसतात. तुमच्या खर्ड्यात दोघींचा एकही प्रवेश जात्यावर नसेल तर तो लिहा.
तिसरं, पेव. महिनोन्‌महिने बंद असलेलं पेव उघडल्याबरोबर आत उतरत नाहीत. धान्याच्या श्वासाने आतली हवा खराब झालेली असते, माणूस उतरला की घेरी येऊन पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही पडतो. तोंड उघडून ठेवायचं, मग दोरीने कंदील सोडायचा. विझला तर थांबायचं. हे घरात कोणाला ठाऊक आहे आणि कोणाला नाही, एवढ्यावर एक प्रकरण उभं राहतं.
कडक भाकरीचं म्हणाल तर पातळ थापून, नीट भाजून, वाळवून ठेवलेली महिनाभर टिकते. चूल न पेटवता घर चालवायचे दिवस आले तर ती आणि शेंगाची चटणी. धूर दिसला नाही की शेजारी समजतात घरात कोणी नाही.

फेरफार
१९५८ चं दत्तक आधी काढून टाका, ते कायद्यात बसत नाही.
हिंदू दत्तक कायदा २१ डिसेंबर १९५६ ला लागू झाला. त्यापुढे बाईने मुलगा दत्तक घ्यायचा तर दोघांच्या वयात किमान २१ वर्षांचं अंतर लागतं, आणि वेगळी रूढी नसेल तर मुलगा पंधराच्या आतला. तुमची सून १९४९ मध्ये १८, म्हणजे १९५८ मध्ये २७. मुलगा फार तर सहा वर्षांचा चालेल. बारा वर्षांचा नाही.
पण ही चूक टाकाऊ नाही. जुन्या कायद्यात मुंबई इलाख्यातल्या विधवेला, नवऱ्याने मनाई करून ठेवलेली नसेल तर, त्याच्या परवानगीवाचून दत्तक घेता यायचा. एकवीस वर्षांची अट नव्हती. आणि आज ओटीत घेतलेला मुलगा नवरा वारला त्या दिवसापासूनचा मुलगा धरला जायचा. मधल्या काळात मिळकत दुसऱ्याकडे गेली असली तरी ती उलगडायची. नव्या कायद्याने ते बंद केलं. दत्तक होण्याआधी जे ज्याचं झालं ते त्याचंच.
आता बेपत्ता नवरा. ज्यांना कळायला हवं होतं त्यांना सात वर्षं काहीच कळलं नाही, तर पुराव्याच्या कायद्याचं कलम १०८ माणूस मेला असं धरायचं. शेवटचं वर्तमान कार्तिकी १९४९, म्हणजे नोव्हेंबरचा पहिला आठवडा. सात वर्षं भरली नोव्हेंबर १९५६ मध्ये. नवा कायदा २१ डिसेंबरला. मध्ये राहतात जेमतेम सात आठवडे. एवढ्या अवधीत तिने स्वतःला विधवा म्हणवून घेतलं आणि मूल ओटीत घेतलं तर तो पोरगा आप्पा आणि तात्याच्या बरोबरीचा भागीदार. तारीख गेली की जुन्या कायद्याचा तो दरवाजा बंद.
एक पथ्य पाळा. कायदा 'मेला' एवढंच धरतो, 'अमुक दिवशी मेला' असं धरत नाही. ती तारीख ज्याला हवी त्याने सिद्ध करायची. तुमच्या वकिलाच्या तोंडी खात्रीची भाषा देऊ नका.
आणि रूढी? ती सातची नाही, बाराची. बारा वर्षं वाट पाहायची, मग पालाशविधी: पळसाच्या ३६० देठांचा देह मांडायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. म्हणजे कार्तिकी १९६१. कचेरीच्या लेखी १९५६ ला गेलेला माणूस माजघरात १९६१ पर्यंत जिवंत. तुमच्या घरातलं भूत ते हेच. दुसरं आणू नका.

उत्तर_कसबा
फेरफार, तुम्ही माझं अर्धं पुस्तक खोडलंत आणि उरलेलं लिहून दिलंत. म्हणजे तिला पाच वर्षं आधी कुंकू पुसावं लागणार? आणि आप्पा हे होऊ देतील?

कडी_कोयंडा
नाहीच देणार, आणि म्हणून दार लागतं. तुमचं घर बंद का झालं याचं कारण इतका वेळ नव्हतं, आता मिळालं. आप्पांना कचेरीतून नव्या कायद्याच्या बिलाची कुणकुण आहे. सुनेचा भाऊ वकिलाला घेऊन कधीही येईल. सात आठवडे तिला कोणी भेटू नये, चिठ्ठी जाऊ नये, पोर कोणी आणू नये. बाहेर सांगायचं, घरात देवीची साथ आलीय. दिंडीदरवाजाला आतून अडसर.
घर बंद होतं ते सात आठवड्यांसाठी. ते नंतर उघडायचं का राहून जातं, हे लिहायचं.
या अवधीत कोणाकडे काय, तेही ठरलं. अडसर आप्पांच्या खोलीत उशाला. कोठीच्या किल्ल्या काकींच्या कमरेला. सुनेकडे फक्त कुंकवाचा करंडा. तो लहान वाटेल, पण आख्ख्या मिळकतीचा निकाल त्यात आहे: ती लावते तोवर आप्पा सुरक्षित.

चिमणी
विरोधी मत नोंदवतो. दर वेळी वाडा, दर वेळी दीडशे एकर. सोलापूर एवढंच आहे काय? पूर्व भागात या. तेलुगू बोलणाऱ्या विणकराचं दोन खणांचं घर, पुढच्या खणात माग, मागच्या खणात आठ माणसं. तिथला एकांत खरा भीतीदायक, कारण बाहेरचं जग भिंतीपलीकडे दोन हातांवर आहे आणि तरी कोणी आत येत नाही.

जातं_उखळ
मुद्दा पटला, पण त्या घराचं अर्थकारण कोंडून घेऊ देत नाही. मागाला सूत बाहेरून येतं, माल बाहेर जातो. विड्या वळणारी बाई असेल तर कारखान्यातून पान-तंबाखू आणायची, वळलेल्या विड्या मोजून द्यायच्या, मजुरी हजारावर. चार दिवस ती दिसली नाही तर मुकादम माणूस पाठवतो. ते घर कोंडायचं तर वेगळी कादंबरी लागेल, आणि ती तुम्हीच लिहा.

चिमणी
लिहितो. मागाचा खटका थांबला की गल्लीला कळतं, यावरच सुरू करतो. चालू द्या तुमचं.

माळवद
घराबद्दल. खर्ड्याचा नमुना मागच्या धाग्यात टाकला होता त्यात अक्का भिंतीला कान लावून पलीकडच्या खोलीतलं बोलणं ऐकते. ऐकू येणार नाही. आपल्याकडच्या पांढऱ्या मातीच्या भिंती दोन-अडीच फूट रुंद. आतला माणूस ओरडला तरी पलीकडे पुटपुटल्यासारखं वाटतं. आवाज जातो तो वरून. माळवदाला, म्हणजे मातीच्या सपाट छपराला, उजेडासाठी झरोका ठेवलेला असतो, खालचं बोलणं त्यातून जसंच्या तसं वर येतं. अक्काला चोरून ऐकायचं तर तिला माळवदावर पाठवा, झरोक्याशी पालथी पडलेली. त्यात धोका आहे, आणि तुम्हाला तो हवाय: ऊन कललेलं असेल तर तिच्या डोक्याची सावली खाली बोलणाऱ्यांच्या मधोमध पडते.
माळवदाची दुरुस्ती दर वर्षी पावसाआधी लागते. गवत उपटायचं, नवी माती पसरायची, पाणी मारून चोपायची, पन्हाळी मोकळी करायची. गडी एकटा असेल तर चार खणांच्या माळवदाला आठवडा जातो. दोन-तीन वर्षं टाळलं की पाणी मुरतं, मातीखालचा लाकडी किलच कुजतो, तुळईला वाळवी लागते आणि मातीचा सगळा भार खोलीत बसतो. म्हणून 'दहा वर्षं बंद वाडा, तरी जसाच्या तसा' हे लिहिता येणार नाही. कोण चोपतं ते ठरवा. शेजारच्या माळवदावरून तो माणूस सगळ्यांना दिसतो, म्हणजे घर बंद असूनही वर्षातून एक आठवडा त्याचं छप्पर उघडं.
उन्हाळ्याच्या रात्रीही तेच. एप्रिल-मेमध्ये पेठच्या पेठ माळवदावर झोपते, अंथरुणावरून अंथरुणावर गप्पा चालतात. तुमचं कुटुंब खाली चौकात झोपत असेल तर त्या एका रिकाम्या माळवदाकडे बघूनच लोकांना कळतं, इथं काहीतरी आहे.
आणि पाऊस-धुकं कमी करा हो. पाऊस इथं मोजका, त्यातला बराचसा परतीचा. सोलापुरात निर्मनुष्य वेळ म्हणजे मे महिन्यातली दुपारी दोनची. पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर, सगळी दारं ओढलेली, रस्त्यावर कुत्रंही नाही. कोणी मेलं किंवा पळालं तर याच वेळी कुणाच्या नजरेस पडणार नाही. मध्यरात्री पेठेत कोणी ना कोणी जागं असतं.

नवा_वाचक
आप्पांना विष घालायचं असेल तर कुठलं दाखवावं? किती मात्रा?

जातं_उखळ
मात्रा इथं नको, कादंबरीलाही नको. पंगत बघा. पुरुष आधी जेवतात, बायका मागून, त्याच भांड्यातलं. आमटीत काही असेल तर आप्पा आणि तात्या पडतात आणि बायका अजून बसलेल्याच नाहीत, म्हणजे तिघींवर संशय. फक्त आप्पांना गाठायचं तर जे एकटे आप्पाच घेतात त्यात: रात्रीचं दूध, काढा, पानाचा डबा. ते कोण नेऊन देतं? त्या माणसाला आधी पन्नास पानं रोज ते नेताना दाखवा. एकदाही न दाखवता ऐनवेळी ताट हातात दिलंत तर वाचक पुस्तक मिटतो.

फेरफार
आणि खून करणाऱ्याला मेलेल्याचा वारसा मिळत नाही, वारसा कायदा कलम २५. तुमच्या घरातला शहाणा माणूस खून करणार नाही. वाट पाहील.

उत्तर_कसबा
विष नाहीच. पण अडलो आहे. २१ डिसेंबर उलटला, आप्पा जिंकले. मग दार का उघडत नाही?

फेरफार
कारण पुढची तारीख येते. १ एप्रिल १९५७, कृषक दिन. कूळ कायद्याने कसणारा त्या दिवशी जमिनीचा मालक धरला गेला. दीडशे एकर कुळांकडे म्हणजे आप्पांचे हातपाय गेले.
अपवाद कुणाला? जमीनमालक अज्ञान (वयात न आलेला) असेल, अपंग असेल किंवा विधवा असेल तर कुळाची खरेदी पुढे ढकलली जायची. एकत्र कुटुंबातल्या विधवेला तो फायदा हवा तर ३१ मार्च १९५८ च्या आत तिचा वाटा सरसनिरस, हद्दी पाडून, वेगळा काढून दिलेला लागायचा.
आता बघा काय झालं. डिसेंबरपर्यंत जे आप्पा सून सवाष्ण राहावी म्हणून दाराला अडसर लावून बसले, त्यांनाच मार्चपासून ती विधवा व्हायला हवीय. आणि लवकर. कचेरीत, चारचौघांत. आधी करंडा तिच्या हातात कोंबणारे तेच, आता तो काढून घ्यायला आलेले तेच.
ती ऐकेल? तिला जेव्हा पुसायचं होतं तेव्हा पुसू दिलं नाही. आता ती रोज सकाळी आडव्या बोटाने ठसठशीत कुंकू लावून ओसरीवर येते. एक शब्द बोलत नाही.
आप्पांना आणखी एक फास आहे. वाटणीत स्त्रीला मिळालेली जमीन १७ जून १९५६ च्या वारसा कायद्यापासून तिच्या पूर्ण मालकीची, कलम १४. कुळापासून वाचवायला तिच्या नावावर करावी तर ती खरोखर तिची होते. तात्याला हे आप्पांच्या आधी कळलेलं दाखवा. तो वाचनालयात बसणारा पोरगा ना?

काय_बे
आत्ता म्हातारा माणूस वाटालाय.

बाराबंदी
डिसेंबर ते मार्चच्या मध्ये तुमच्याकडे आपला गड्डा, सिद्धरामेश्वरांची संक्रांतीची यात्रा, येतो आणि खर्ड्यात त्याचा उल्लेखही नाही. वाडा उत्तर कसब्यात, नंदीध्वजांची मिरवणूक तिथूनच निघते. सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, पहिल्या दिवशी ६८ लिंगांना यण्णीमज्जन (तैलाभिषेक), दुसऱ्या दिवशी संक्रांतीला तळ्याकाठी अक्षता. दाराबाहेर मुंगीला जागा नाही. या दोन दिवसांत दार न उघडणं ही साधी गोष्ट राहत नाही, ते जाहीर करणं होतं.
अक्षता कशाच्या पडतात ते विसरू नका. कुंभारकन्येने सिद्धरामेश्वरांशी लग्नाचा हट्ट धरला, ते योगी, त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाहाला संमती दिली. म्हणजे साऱ्या गावासमोर लागणाऱ्या लग्नात वर स्वतः उभा नाही, त्याचा दंड आहे. तुमची सून हे ऐकत माजघरात उभी आहे. तुम्ही काहीही समजावून सांगू नका, फक्त हलग्यांचा आवाज जवळ येऊन लांब जाऊ द्या. इथं एक जास्तीचं वाक्य लिहिलंत तर सगळं वाया जाईल.
आणि संक्रांत म्हणजे सवाष्णींचं वाण. सुगडं कोण आणतं? परत गडी.

कडी_कोयंडा
गड्यावरच राहिलं होतं, धन्यवाद. १ एप्रिल १९५७ ला आणखी एक झालं, नवे पैसे चालू झाले. रुपयाचे सोळा आणे होते त्याचे शंभर नवे पैसे. आणा म्हणजे सव्वासहा, पाव पैसा मोडता येत नाही, त्यामुळे सुट्या खरेदीत सहा की सात असा घोळ. घरातल्या कोणीही हे नाणं पाहिलेलं नाही. काकी कोनाड्यातल्या वहीत अजून आणे-पै मांडतात, गडी बाजारातून मोड आणतो आणि म्हणतो, आता असंच मिळतं. दर खेपेला थोडं त्याच्या कनवटीला.
चोरी मोठी नाही. पण काकी ते अनोळखी नाणं उजेडाला धरून उलटसुलट बघतात, तेव्हा वाचकाला कळतं की घर किती मागे राहिलं. आणि गड्यालाही कळतं, की यांना मी सांगेन तेच जग. दार उघडू नये असं वाटणारा तेव्हापासून तो एकटा पुरे आहे. आप्पांची गरज संपली तरी.

शब्दवेडी
भाषेचं कोणी बोलत नाही म्हणून. नाहीशा झालेल्या माणसाबद्दल प्रत्येकजण कुठल्या काळात बोलतो ते ठरवा. आप्पा १९५६ पर्यंत म्हणतात, 'त्याला तिखट चालत नाही.' १९५७ मध्ये तेच म्हणतात, 'त्याला तिखट चालायचं नाही.' एवढा एक प्रत्यय बदलला की मुलगा मेला. तात्या नाव घेणंच टाळतो, 'दादाची खोली' न म्हणता 'ती खोली' म्हणतो. अक्का अधूनमधून चुकते आणि जीभ चावते. सून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वर्तमानकाळ सोडत नाही, आणि ती नाव तर घेणारच नाही, 'ते'.
हे कुठंही उलगडून सांगू नका. संपादकाने 'काळ सुधारले' तर मात्र भांडा.
हाका: सून आप्पांना मामंजी, अक्काला वन्सं, तात्याला भाऊजी म्हणेल. गडी तिला वैनी आणि आप्पांना धनी. आप्पा सुनेला थेट हाक मारणारच नाहीत, अक्काला सांगतील, 'तुझ्या वैनीला म्हणावं.' समोर उभ्या असलेल्या बाईला तिसऱ्याकरवी निरोप, हा तुमच्या पुस्तकातला सर्वांत थंड आवाज असू शकतो. खर्ड्यात ते तिला नावाने हाक मारतात, ते काढा.
पत्राचं पाकीटही वापरा. सुनेच्या माहेरहून पत्र येतं, 'सौ.' लिहिलेलं. नोव्हेंबर १९५६ मध्ये तिचा भाऊ एक पाकीट 'गं. भा.' (गंगाभागीरथी, विधवेच्या नावाआधीचं) असं लिहून पाठवतो. तिला कळावं म्हणून. ते दिंडीतून आत येतं ते काकींच्या हाती. काकी स्वतः तीस वर्षं गं. भा. आहेत. त्यांनी ते फोडायची गरज नाही, वरची दोन अक्षरं पुरतात.

उत्तर_कसबा
आणि काकी ते पाकीट देत नाहीत. चुलीत घालतात? की बळदात, भिंतीतल्या धान्याच्या कोठारात?

शब्दवेडी
बळदात. जाळलं तर गोष्ट संपली. ठेवलं तर काकींच्या कमरेला आणखी एक किल्ली आली.

माळवद
बळदातलं धान्य तळाच्या भोकातून काढतात, वरून टाकलेली वस्तू धान्य संपत येईल तशी खाली सरकत येते. पाकीट सुनेच्या सुपात नेमकं कधी पडेल याचा हिशेब जातं_उखळ देतील. अंधारात, कोरडं राहिलं तर कागद शाबूत राहतो. उंदरांचं मात्र सांगता येत नाही, डब्यात घाला.

जातं_उखळ
सहा क्विंटलचं बळद असेल आणि तेवढंच एक वापरात असेल तर साडेआठ महिने. नोव्हेंबरात टाकलं तर पुढच्या जुलै-ऑगस्टात हाती येईल. कृषक दिन होऊन गेलेला, वाटणीची मुदत अजून उरलेली. तुम्हाला याहून बरी वेळ मिळायची नाही. पण डबा तळाच्या भोकातून निघेल इतका लहान हवा. अडकला तर ज्वारी यायची थांबते, आणि मग कोणीतरी हात घालून बघतं. कोण, ते तुम्ही ठरवा.

उत्तर_कसबा
आता शेवटचं प्रकरण. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. किल्लारीचा भूकंप. आदल्या रात्रीचं गणपती विसर्जन आटोपून गाव नुकतं लवंडलंय. हादरा बसल्यावर सगळी पेठ रस्त्यावर, वाड्यातून कोणीच बाहेर येत नाही. सून बासष्ट वर्षांची, एकटी. लोक दार वाजवतात, आत कोण आहे विचारतात. ती आतून म्हणते, 'आवाज करू नका, ते झोपलेत.' चालेल?

शब्दवेडी
चालेल. पण १९६१ चा पालाशविधी होऊन गेलाय ना? मग तो विधी तिने पाहिला की नाही, एवढं आधी पक्कं करा. पाहिला असेल तर या वाक्याचा अर्थ वेगळा, नसेल तर वेगळा. मी न पाहिलेला घेईन. त्या दिवशी तिला माळवदावर चढवून ठेवा.

फेरफार
वाटणी झाली की नाही तेही. नसेल तर १९९३ मध्ये तिच्या नावावर काही नाही आणि तात्याची मुलं सकाळपर्यंत कुलूप घेऊन येतात.

माळवद
दाराची एक दुरुस्ती. मातीच्या भिंतीला हादरा बसला की चौकट तिरपी होते आणि आतला अडसर भोकात आवळून बसतो. तिला उघडायचं असलं तरी तो सरकणार नाही. दार फोडायचा प्रयत्न केला तर वरची तुळई खाली येण्याचं भय, म्हणून जाणता माणूस दाराला हात लावू देणार नाही. लोक शेजारच्या माळवदावरून येतील, एकेकजण, पाय कडेकडेने भिंतीच्या रेषेवर ठेवत, कारण मधल्या मातीचा भरवसा नाही. मग झरोक्यातून कंदील सोडतील.

जातं_उखळ
१९९३ ला बॅटरी असते हो.

माळवद
गडी म्हातारा झाला असेल तर तो कंदीलच सोडेल.